पोट मोठं, हातपाय काड्या

चुलतभावाच्या मुलाचं पोट पुढे येऊ लागलं, तेव्हा सोलापुरातल्या त्या घरात पहिलं निदान आजीने केलं: जंत. जंताचं औषध झालं. मग घोळणा फुटू लागला, त्याचं खापर उन्हावर. सोलापूरच्या उन्हावर काहीही खपतं. रात्री पाय ठणकायचे, ते म्हणे वाढीचं दुखणं. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालूच. सोनोग्राफीत पानथरी बेंबीपर्यंत आलेली दिसली, तरी मलेरिया, टायफॉइड करत आणखी बराच काळ गेला.

पोराला गॉशर आजार होता.

पेशींच्या आवरणात स्फिंगोलिपिड नावाचे मेद असतात. जुन्या पेशी मोडीत निघाल्या की हे मेदही टप्प्याटप्प्याने तोडावे लागतात आणि प्रत्येक टप्प्याला वेगळं एन्झाइम लागतं. गॉशरमध्ये त्यातलं ग्लुकोसेरेब्रोसिडेज कमी पडतं. न तुटलेला मेद पानथरीत, यकृतात आणि हाडांच्या मगजात साठत राहतो. १८८२ साली पॅरिसच्या फिलिप गॉशर यांनी या आजाराचं प्रथम वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही ती पानथरीची गाठच वाटली होती. एन्झाइमची उणीव अमेरिकेत रॉस्को ब्रेडी यांनी शोधली, ती थेट १९६० च्या दशकात.

हा दोष आनुवंशिक आहे: आईवडील दोघेही धडधाकट वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क सांगणाऱ्या आपल्या भागात हे गणित लग्न ठरवताना कुणी मांडत नाही. या घरातही तेच नातं होतं. वाहकांना गॉशर होत नाही, पण पार्किन्सनचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो.

तेव्हा मुलाची पानथरी वाढलेलीच राहिली, प्लेटलेट घटल्या, तर एन्झाइमची रक्ततपासणी मागून घ्यावी. लोह देण्याआधी लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन पाहावं. गॉशरमध्ये ते बहुधा वाढलेलंच असतं. पानथरी काढायची घाई नको, त्याने हाडांचं दुखणं बळावू शकतं.

उपचार आहे: बाहेरून एन्झाइम, दर पंधरवड्याला शिरेतून, जन्मभर. मेंदूपर्यंत मात्र ते पोचत नाही, म्हणून आजार मेंदूवर परिणाम करणाऱ्या प्रकारातला आहे का, ते विचारावं. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पासून रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. आकडा मोठा वाटतो, पण मात्रा वजनावर ठरते, मूल वाढतं आणि पैसे संपतात. धोरणात ही मोठीच त्रुटी आहे.

सोलापूरकरांना या मदतीसाठी मुंबईचं केईएम किंवा हैदराबादचं निम्स गाठावं लागतं. जाताना पहिल्यापासूनचे सगळे रिपोर्ट न्या, भावंडांनाही न्या. पुढचं मूल हवं असेल तर आईवडिलांची जनुकतपासणी दिवस जाण्याआधीच उरका. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून होते, पण त्यासाठी घरातला नेमका जनुकदोष आधी हाती असावा लागतो.