उंदराची परीक्षा: आधी प्रकृती, मग वर्तन

जनुक बदललेले वाण म्हटले की आपल्याला २००२ साली आलेली बीटी कपाशी आठवते. रोगांच्या अभ्यासासाठी उंदरांतही एखादा जनुक घालतात किंवा निकामी करतात. मुंबईलगत खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात असे उंदीर पाळले जातात.

बैल औताला अडला तर आपण त्याला लगेच आळशी ठरवीत नाही. आधी खूर आणि खांदा पाहतो. उंदराचेही तसेच. प्रथम पिंजऱ्यातच तो घरटे करतो का, की कोपऱ्यात केस पिंजारून एकटा बसतो, हे पाहावे. मग वजन, डोळे, मिशा, श्वास व चाल तपासावी. शेपटीला धरून टेबलाजवळ नेल्यास डोळस उंदीर मिशा टेकण्यापूर्वीच पुढचे पाय लांबवितो. उताणा केल्यास तो चटकन पालथा व्हावा, टाळीला दचकावा.

हा खटाटोप अनाठायी नाही. सी३एच वंशाच्या बहुतेक उंदरांत दृष्टिपटल नासविणारा जनुक मुळातच असतो; दूध तुटेपर्यंत ते आंधळे होतात! अशा उंदराला हौदातील बुडता चौथरा सापडला नाही, तर दोष डोळ्यांचा. नाव मात्र स्मरणशक्तीचे होते आणि बदललेल्या जनुकावर नाहक ठपका येतो. म्हणून त्याच वेतातील, जनुक न बदललेली भावंडे प्रत्येक चाचणीत जोडीला घ्यावीत. जास्त ताण देणारी चाचणी शेवटी ठेवावी.