जिव्हा आणि श्वासमार्ग

जिभेचें नांव काढिलें म्हणजे चव आणि वाणी हीं दोन कार्यें आपणांस आठवतात. परंतु जिभेचें तिसरेंही एक कार्य आहे. तें ती रात्रंदिवस मुकाट्यानें करीत असते, आणि त्यांत खंड पडल्यास प्राणावर बेततें. त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

श्वासनलिकेस कूर्चेच्या कड्यांचा आधार असल्यामुळें ती उघडी राहते. घशास असा आधार नाहीं. तो मुख्यतः स्नायूंच्या बळावर उघडा राहतो. श्वास आंत घेतांना घशांतील हवेचा दाब घटतो व त्याच्या भिंती आंत ओढल्या जाऊं लागतात. भिजलेली कागदी नळी जोरानें ओढली असतां चपटी होते, तसाच हा प्रकार. येथें जीभ साह्यास येते. हनुवटीच्या हाडाच्या आंतील बाजूस उगम पावून पंख्याप्रमाणें जिभेंत पसरणारा एक स्नायु आहे. मेंदूच्या बाराव्या मज्जातंतूकडून आज्ञा मिळतांच तो आकुंचन पावून जिभेस पुढें ओढतो. नवल हें कीं, ही आज्ञा श्वासपटलाच्या हालचालीच्या किंचित् आधीं येते. म्हणजे पाहुणा येण्यापूर्वींच दार उघडलेलें असतें!

निद्रेंत हा स्नायु सैल पडतो. मार्ग अरुंद झाला कीं मनुष्य घोरूं लागतो. कित्येकांचा श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ अडतो, मेंदू त्यांस दचकून जागें करितो, आणि असें रात्रभर चालतें. अशांकरितां १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे दाबानें हवा देण्याची युक्ति प्रसिद्ध केली. २०१४ सालीं त्या बाराव्या मज्जातंतूस विजेनें चेतविणाऱ्या यंत्रास अमेरिकेंत मान्यता मिळाली.

परंतु तुमच्या नित्य उपयोगाची गोष्ट निराळी आहे. मैदानावर मूर्च्छित पडलेल्या मुलाभोंवतीं गर्दी करून त्याच्या तोंडांत पाणी ओततांना लोकांस आम्हीं पाहिलें आहे. तसें कदापि करूं नये. बेशुद्ध मनुष्य उताणा असल्यास सैल जीभ मागें पडून घसा बुजवूं शकते. मानेस मार लागल्याची शंका नसल्यास त्याचें डोकें हलकेच मागें कलवून हनुवटी वर उचलावी. श्वास नीट चालत असेल तर त्यास कुशीवर वळवावें. श्वास चालत नसेल तर क्षणही न दवडतां मदतीस हांक मारून छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. झटका आलेल्याच्या दांतांत चमचा कोंबूं नये.

याकोबानें आपल्या पत्रांत जिभेस आवर घालण्याचा उपदेश केला आहे, तो आपण पाळावाच. पण शेजारी निपचित पडला असतां त्याची हनुवटी उचलण्यास आपला हात मागें राहूं नये.