वीस मिनिटांचे जगज्जेतेपद

आमच्या वसतिगृहात एका रात्री वाद रंगला. जगज्जेती मुष्टियोद्धा म्हणजे मेरी कोम, ह्यावर सर्वांचे एकमत. पण कोणीतरी सिसिलिया ब्रेकहुस हे नॉर्वेतील नाव घेतले आणि ‘मग ती कोण?’ असा प्रश्न निघाला. उत्तर कोणालाच देता येईना, मलाही नाही. त्या फजितीतून हा लेख झाला.

खुलासा तसा सोपा आहे. २००२ ते २०१८ ह्या काळात मेरी कोमने मिळविलेली सहा जागतिक सुवर्णपदके हौशी मुष्टियुद्धातील होत. तेथे देशोदेशीच्या खेळाडू एकत्र येतात, बाद पद्धतीने लढतात आणि शेवटी उरते ती विजेती. व्यावसायिक मुष्टियुद्धाची रीत वेगळी. तेथे पट्टा असतो. आपल्या महाराष्ट्र केसरीची गदा स्पर्धेगणिक नव्याने जिंकावी लागते. पट्टा मात्र कोणी आव्हान देऊन हरवीपर्यंत सहसा जवळ राहतो. असे पट्टे देणाऱ्या मोठ्या संघटना चार: असोसिएशन, कौन्सिल, फेडरेशन आणि ऑर्गनायझेशन. म्हणजे एकाच वजनगटात चार जगज्जेत्या असू शकतात! चारही पट्टे एकीकडे आले, तरच ती निर्विवाद विजेती. १३ सप्टेंबर २०१४ रोजी कोपनहेगन येथे ब्रेकहुसने हे साधले. स्त्रियांत ती पहिलीच. गंमत अशी, की तिच्या नॉर्वेत १९८१ पासून व्यावसायिक मुष्टियुद्धाला कायद्याने बंदी होती. ती २०१४ च्या अखेरीस उठली आणि २०१६ साली ब्रेकहुस प्रथमच ऑस्लोत, आपल्या माणसांसमोर लढली.

पट्टा आधी आणि मान्यता मागून, हा क्रम मला पुन्हापुन्हा आढळला. इंग्लंडची बार्बरा बट्रिक, उंची अवघी चार फूट अकरा इंच. १९५७ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे तिने फिलिस कुगलरला हरविले. ही स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपदाची लढत मानली जाते. पुढे स्त्रियांसाठी स्वतंत्र संघटनाही बट्रिकनेच उभी केली. चार बड्या संघटनांचे स्त्रियांचे पट्टे रूढ झाले ते थेट एकविसाव्या शतकात.

बट्रिकच्या त्या संघटनेचा पट्टा १९९६ साली जेन काउचने जिंकला. पण ही जगज्जेती मायदेशी, ब्रिटनमध्ये, लढूच शकत नव्हती. तेथील मंडळ तिला परवाना देईना. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत स्त्रिया अस्थिर असतात, असाही युक्तिवाद झाला. १९९८ साली न्यायाधिकरणाने काउचच्या बाजूने निकाल दिला. (हा युक्तिवाद मी मैत्रिणींना वाचून दाखविला. आधी हशा पिकला, मग सगळ्या गप्प झाल्या.)

परवाना मिळाला, पट्टे मिळाले, मिनिटांचे काय? पुरुषांची अजिंक्यपदाची लढत बारा फेऱ्यांची, फेरी तीन मिनिटांची. स्त्रियांची दहा फेऱ्यांची, फेरी दोन मिनिटांची. छत्तीस आणि वीस! हा फरक मला विशेष बोचतो, कारण मी कबड्डी खेळते. मुलांचा पूर्वार्ध वीस मिनिटांचा, आमचा पंधरा. चढाई रंगात आलेली असते आणि शिट्टी वाजते.

जास्त वेळ म्हणजे डोक्याला जास्त मार, असे कौन्सिल म्हणते. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. परंतु पुरुषांच्या पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या, त्या १९८२ साली कोरियाचा दुक कू किम रिंगणात जबर मार बसून मरण पावला, त्यानंतर. तेव्हाही फेरी तीन मिनिटांचीच राहिली. धोका दोघांना सारखा असेल, तर घड्याळे दोन का?

हा प्रश्न पोर्तो रिकोच्या अमांडा सेरानोने कृतीने विचारला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑरलँडो येथे ती दानिला रामोसशी तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांच्या लढतीत उतरली. तीन संघटनांनी संमती दिली, कौन्सिलने दिली नाही. डिसेंबरात सेरानोने कौन्सिलचा पट्टा सोडून दिला. जिंकलेला पट्टा असा आपणहून खाली ठेवायला काय लागत असेल, ह्याचा विचार मी अनेकदा करते. रामोसबरोबरची ती लढत बारा फेऱ्या पुरी चालली आणि तिन्ही पंचांनी सेरानोला कौल दिला.

२०२४ व २०२५ साली आयर्लंडच्या केटी टेलरशी तिच्या लढती झाल्या, त्या मात्र पुन्हा दोन मिनिटांच्याच फेऱ्यांच्या.