‘मारणे’ : अर्थविस्तार आणि कुंडलची साक्ष

‘मारणे’ हे ‘मरणे’चे प्रयोजक रूप होय. ‘पडणे–पाडणे’, ‘तरणे–तारणे’ यांप्रमाणेच येथेही धातूतील स्वर दीर्घ होतो. म्हणजे मूळ अर्थ ‘जीव घेणे’. परंतु ‘हाक मारणे’, ‘मिठी मारणे’, ‘दडी मारणे’ यांत मरणाचा मागमूस नाही. अर्थाचा भार नामावर असून क्रियापद केवळ क्रियेतील झटका सुचविते. ‘सही करणे’ आणि ‘सही मारणे’ यांतील भेद हाच. (‘गप्पा मारणे’ मात्र या उपपत्तीत बसत नाही, हे मान्य केले पाहिजे.)

अधिक महत्त्वाचा प्रश्न कर्माच्या रूपाचा आहे. ‘त्याने उंदीर मारला’ म्हणजे उंदीर मेला. ‘त्याने उंदराला मारले’ म्हटल्यास तो बहुधा मार खाऊन पळाला. मनुष्यवाचक कर्माला मात्र ‘ला’ प्रत्यय अटळ असल्याने हा भेद लोपतो आणि ‘ठार मारणे’, ‘मारून टाकणे’ अशा रूपांचा आश्रय घ्यावा लागतो.

ही संदिग्धता केवळ व्याकरणापुरती उरत नाही. तत्कालीन औंध संस्थानातील व आज सांगली जिल्ह्यात असलेले कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे (१९४३–४६) प्रमुख केंद्र. ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले ते एका अंगाने वर्णविपर्ययाने. पण त्यास ‘पत्री मारणे’ या शेतकऱ्याच्या नित्याच्या प्रयोगाचे बळ मिळाले. बैलाच्या खुराला पत्री मारतात ती खिळ्यांनी. गुन्हेगाराच्या बाबतीत मात्र लोकस्मृती दुभंगते : कोणी तळपायांवर खरोखर पत्रे ठोकल्याचे सांगतो, तर कोणी तळपायांवर काठीने फटके दिल्याचे. ‘मारणे’ ‘ठोकणे’ आणि ‘झोडपणे’ हे दोन्ही अर्थ वाहत असल्याने केवळ शब्दावरून निवाडा होत नाही. आमच्या मते रूपकाची शक्यता अधिक आहे. तथापि मौखिक साधने नोंदविणाऱ्याने ‘त्याला मारले’ एवढ्यावर न थांबता ‘म्हणजे काय केले?’ असे विचारणे अगत्याचे आहे. अन्यथा मार खाल्लेला मनुष्य लिखित इतिहासात मृत ठरावयाचा.

क्रियापदाच्या निवडीबाबत कुंडलचे कार्यकर्ते स्वतःही जागरूक होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडविण्यात आली. त्या प्रसंगासंबंधी तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांना ‘लुटणे’ हे क्रियापद मान्य नव्हते. इंग्रजांनी जनतेकडून नेलेला पैसा आपण परत आणला, अशी त्यांची भूमिका होती.