ऑईल फिल्टर घेताना

लांबच्या सफरीच्या मोटारसायकलीचा फिल्टर घेताना पुष्कळ गाहक फक्त आटे जुळतात का, एवढेच पाहतात. तेवढ्याने भागत नाही. डबीसारख्या फिल्टरमध्ये बहुधा एक बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले की ठरावीक दाबाला तो उघडतो आणि तेल न गाळताच पुढे सोडतो. कारण इंजिन कोरडे पडण्यापेक्षा ते बरे. हा दाब सर्व इंजिनांना सारखा नसतो. म्हणून कारची स्वस्त डबी बसली तरी ती चालेलच असे नाही. गाडीच्या पुस्तिकेतला पार्ट नंबरच मागावा.

जितके बारीक गाळणे तितके उत्तम, हाही गैरसमज आहे. दाट विणीचे कापड लवकर तुंबते, हे आम्हा कापडवाल्यांना सांगायला नको.

नकली मालात कागदाच्या घड्या विरळ आणि डिंक कच्चा असतो. तो अस्सल म्हणून विकणाऱ्या दुकानदाराचा नफा हलाल कसा म्हणावा? घाटात इंजिन जाम झाले तर गाहकाच्या जिवावर बेतते.

डबी बसवण्यापूर्वी जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या की तेल गळते.