आधी एक पावसाळा काढ

मुंबई सोडून दोघं श्रीवर्धनला येताय, ऐकून फार बरं वाटलं रे. पण मावशीचं एक ऐक, जागा लगेच विकत घेऊ नकोस. भाड्यानं राहा आणि एक अख्खा पावसाळा काढ. समुद्रासमोरचं जे घर मे महिन्यात भुरळ घालतं, त्याच्याच खिडक्यांतून जुलैत पाणी आत येतं. ओल भिंतीवर कुठवर चढते, उन्हाळ्यात विहीर मचूळ होते का, हे शेजारच्या म्हातारीला विचार. दलाल सांगायचा नाही.

खारा वारा लोखंड खातो. बिजागऱ्या पितळेच्या लाव, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. प्लायवूडची कपाटं तिकडेच देऊन टाक, इथे ती फुगतात. आईचं सागवानी कपाट तेवढं आण.

कौलारू घर मिळालं तर शाकारणी मेच्या मध्यालाच उरकून घे, मृग लागला की माणूस मिळत नाही. आगोटीचा बाजारही तेव्हाच भर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून सोडे-सुकट घरात हवंच. विकतच्या सोड्यांना पुन्हा दोन कडक उन्हं दाखव. चिमटीत धरून कटकन मोडला पाहिजे, वाकला तर बरणीत भरू नकोस, बुरशी धरेल.

आणि एक तरी खोली स्लॅबची असू दे. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमची कौलं पत्त्यांसारखी उडाली. वाडीतल्या पोफळी डोळ्यांदेखत मोडल्या. आजोबांनी लावलेल्या होत्या त्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे ते दुःख अजून सरलेलं नाही. आम्ही वाचलो ते कोठीच्या खोलीवर स्लॅब होता म्हणून. तिथे कंदील, काडेपेटी, औषधं आणि थोडी रोख रक्कम कायम ठेव. वीज गेली की एटीएमही गेलंच.

समुद्रावर जाण्याआधी तिथी बघ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, पंचमीला पावणेचारला. पुनव-अवसेनंतरचे दोन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपास भांग. पावसाळ्यात मात्र पाण्यात पाऊलही घालायचं नाही, कितीही शांत दिसो.

रात्री अंगणात टॉर्चशिवाय जाऊ नका. जांभ्याच्या गडग्यात फुरसं असतं. चावलं तर एक मिनिट न घालवता सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथे मिळते.

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करू नका. नारळ उतरवायला येणाऱ्याला आधी चहा, मग कामाचं बोलणं.

येताना रेल्वेनं माणगावला उतरा, पुढे म्हसळ्यावरून एसटी आहे. दुपारी इथली दुकानं बंद असतात, म्हणून पहिल्या दिवशी चूल पेटवायच्या भानगडीत पडू नका. पानं आमच्याकडेच मांडते.