शेवग्याच्या बियांनी पाणी निवळणे

मृगाचा पाऊस पडला की ओढ्यानदीचे पाणी मातीने लाल होते व भांड्यात ठेवूनही लवकर निवळत नाही. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्‌भार असल्याने ते परस्परांना दूर लोटतात. शेवग्याच्या बियांतील प्रथिनावर धन भार असतो. त्यायोगे कणांचे पुंजके बनून तळाशी बसतात. सुदानमध्ये नाईलकाठच्या स्त्रिया या बियांनी पाणी निवळीत. आपल्याकडे निवळीची बी याच कामी येत असे.

सर्व गुण बियांच्या प्रतीवर अवलंबून आहे. शेंग झाडावरच तपकिरी होऊन वाळू द्यावी. हिरव्या शेंगेतील बी निरुपयोगी होय. टरफल काढून पांढरा गर घ्यावा, काळपट वा बुरशीचा गर टाकून द्यावा. लिटरमागे सुमारे १ बी घेऊन गराचे पीठ थोड्या स्वच्छ पाण्यात कालवावे व फडक्यातून गाळून गढूळ पाण्यात ओतावे. १ मिनिट जोराने व १० मिनिटे सावकाश ढवळून पाणी १ ते २ तास स्थिर ठेवावे. फार गढूळ पाण्यास बी अधिक लागते.

निवळलेले पाणी निर्जंतुक नव्हे, हे ग्रामसेवकांनी घरोघर आवर्जून सांगावे. पुष्कळ जंतू गाळाबरोबर बसतात, सर्व नव्हेत. आणि उरलेले जंतू लहान मुलांना हगवण लावण्यास पुरेसे असतात. म्हणून वरचे पाणी अलगद ओतून घेऊन उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध घालावे. ते त्याच दिवशी संपवावे. बियांचा अंश राहिल्याने शिळ्या पाण्यास वास येतो. विरघळलेले क्षार व नायट्रेट काढण्यासाठी मात्र या बियांवर विसंबू नये.